मय्यासाचा ड्रोन जहाजावर

१ फेब्रुवारी, रविवार. मस्कत

जहाज कंपनीचे नियम आज तिसऱ्यांदा वाचले. इस्त्री, मेणबत्ती, हुक्का यांवर एकेक ओळ आहे, ड्रोनवर सव्वा पान. चढताना जाहीर करायचा, सुरक्षा अधिकाऱ्याकडे जमा करायचा, पावती घ्यायची. जहाजावरून उडवायचा नाही. बंदरावर उतरताना तिथला परवाना दाखवला तरच हातात मिळणार, परत चढताना पुन्हा जमा. दुबई आणि दोहासाठी आपल्याकडे परवाना नाही. उरलं खसब, ते ओमानमध्येच. म्हणजे आठ दिवसांच्या सहलीत एक दुपार.

मुहन्नाला हे सांगितलं. तो करक चहात पराठा बुडवत होता. म्हणाला, "एक दुपार पुष्कळ झाली, सालिमची आई. लग्नाला वीस वर्षं झाली, त्यातल्या किती दुपारी आठवतात तुला?"

ड्रोन मय्यासाचा आहे. माझ्या धाकट्या बहिणीचा. मला न विचारता मुहन्नाने तिला फोन करून मागितला आणि ती लगेच हो म्हणाली. दोन वर्षांपूर्वी तिने बँकेतली नोकरी सोडली आणि लग्नांचं, शर्यतींचं चित्रण करायला लागली. तेव्हा ईदेच्या दिवशी आईच्या घरी, सगळे बसलेले असताना, मी म्हटलं होतं की हिने एका खेळण्यासाठी पगार सोडला. तेव्हापासून आम्ही बोलतो ते ईदेला आणि कोणी आजारी असलं तर. मी परीक्षा विभागात काम करते, चूक दिसली की सांगायची सवय आहे. बोलले ते खोटं नव्हतं असं मला तेव्हा वाटलं. आजही बऱ्यापैकी वाटतं. सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, एवढंच.

३ फेब्रुवारी, मंगळवार

मय्यासा स्वतः ड्रोन घेऊन आली. मुहन्नाने तिच्या कपात कावा, आपली वेलचीची कॉफी, ओतला, हलव्याची वाटी तिच्यासमोर ठेवली आणि दुकानातून काही आणायचं म्हणून निघून गेला. काय आणायचं होतं ते परत आल्यावरही त्याला सांगता आलं नाही.

तिने पंखे उघडून दाखवले, बॅटरी कशी बसवायची ते दोनदा शिकवलं. तेराला, शुक्रवारी, सूर बंदरात शिडांच्या होड्यांची शर्यत आहे. एका दूरचित्रवाहिनीसाठी ती आकाशातून चित्रण करणार आहे. तिचं पहिलं मोठं काम.

"गुरुवारी सकाळी परत येताय ना, ताई? नक्की?"

"नक्की."

"दुसरा ड्रोन आणून भागणार नाही. परवाना याच्या क्रमांकावर निघालाय. आणि एक, भावोजींच्या एकट्याच्या हातात देऊ नकोस."

मुहन्ना तेवढ्यात दारात आला. "मी काय केलं, मेहुणीबाई?"

"टॅक्सीवाल्याला घड्याळ दिलंत."

"त्याला आवडलं होतं."

हे खरं आहे. आपल्याकडे कोणी आपल्या वस्तूचं कौतुक केलं की छातीवर हात ठेवून "तुमचंच आहे" म्हणायचं, समोरच्याने "तुम्हालाच शोभतं" म्हणायचं, आणि वस्तू जिथल्या तिथे. सगळं ओमान हेच करतं. मुहन्नाच्या तोंडून मात्र ते इतकं मनापासून येतं की लोक गोंधळतात. आजवर तीन वेळा तो टोपीशिवाय घरी आला आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार. जहाजावर

खोली छान आहे. खिडकी गोल असेल असं मला वाटत होतं, ती चौकोनी आहे.

ड्रोन जाहीर केला. सुरक्षा अधिकारी गुरुंग म्हणून आहेत, नेपाळचे, सैन्यातून निवृत्त. चणीने लहान, चष्मा दोरीला बांधलेला. यंत्राचा क्रमांक त्यांनी दोनदा लिहिला आणि दोन्ही वेळा मोठ्याने वाचला. कपाट क्रमांक नऊ. निळी पावती दिली. म्हणाले, "पावती हरवली तर मी तुम्हाला ओळखत नाही." मला माणूस आवडला.

एक गोष्ट लिहून ठेवायला हवी. फॉर्मवर 'मालक' असा रकाना होता: स्वतः किंवा अन्य. अन्य लिहिलं तर मालकाचं संमतिपत्र वेगळ्या कागदावर. त्याखाली 'वापर': व्यवसाय किंवा हौस. व्यवसाय लिहिलं तर आणखी एक कागद. मागे साठेक माणसांची रांग, एक बाळ रडत होतं. मी 'स्वतः' लिहिलं आणि 'हौस' वर खूण केली. मुहन्नाने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बाळाला खेळवायला गेला.

या प्रवासात वापर हौसेचाच आहे, हे खरं. पण माझ्या विभागात याहून लहान गोष्टीसाठी मी मुलांचे अर्ज परत पाठवले आहेत.

६ फेब्रुवारी, शुक्रवार. खसब

निळी पावती देऊन ड्रोन घेतला, उतरलो. धक्क्यावर डोंगर अगदी डोक्यावर आल्यासारखे उभे होते. मुहन्ना पेटी छातीशी धरून उभा. मी मय्यासाने सोबत दिलेला परवाना बाहेर काढला आणि शेवटच्या पानाची मागची बाजू पहिल्यांदाच वाचली. 'चालक: मय्यासा.' फक्त मय्यासा. दुसऱ्या कोणी उडवला तर परवाना रद्द.

पान उलटायचं राहिलं. बावीस वर्षं मी मुलांना सांगते, प्रश्नपत्रिका उलटून पाहा.

मुहन्नाचं तोंड क्षणभर उतरलं. मग तो म्हणाला, "चला, मय्यासा सुटली. ड्रोन माझ्या हातून समुद्रात गेला असता." माझं डोकं उन्हाने धरलं होतं म्हणून मी खोलीकडे गेले. ड्रोन जमा करायचं काम त्याच्यावर सोपवलं. पाच मिनिटांचं तर काम होतं.

दुपारी होडीने खाडीत गेलो. डॉल्फिन आले. मुहन्ना त्यांना शिट्टी वाजवून बोलावत होता आणि ते येतही होते. वरून नाही, पण अगदी पाण्याच्या पातळीवरून सगळं पाहिलं. मला वाटतं ते जास्त बरं होतं. संध्याकाळी फार हसलो, कशावर ते आठवत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार. दुबई

पावत्या लावून ठेवत होते. ड्रोनची पावती पिवळी आहे.

निळी जमा केल्याची. पिवळीवर लिहिलं आहे: 'प्रवाशाने जहाजाला दिलेली भेट. नाविक निधीच्या सोडतीसाठी.' खाली मुहन्नाची सही, त्याच्या नेहमीच्या मोठ्या फुलासारखी.

त्याला विचारलं. तो आठवून आठवून सांगू लागला. ड्रोन न उघडता परत आलेला पाहून गुरुंग खूश झाले. त्यांनी तो हातात घेतला, उलटापालटा केला आणि म्हणाले, सुंदर यंत्र आहे, माझा मुलगा असंच मागतो.

"मग?"

"मग मी छातीवर हात ठेवला."

"मुहन्ना."

"तो नको म्हणाला गं. मग त्याने विचारलं, खरंच देताय? मी म्हटलं, खरंच. पुन्हा विचारलं, विचार करून सांगताय? म्हटलं, तुमच्यापेक्षा जास्त कोणाला शोभेल. तिसऱ्यांदा विचारलं. आता तिसऱ्यांदा माघार घ्यायची म्हणजे काय, सालिमची आई? घेतो कोणी?"

"आणि सही?"

"त्याने कागद पुढे केला. मला वाटलं जमा केल्याचा."

मय्यासाने हेच करू नकोस म्हणून सांगितलं होतं. मी त्याच्या एकट्याच्या हातात दिला. चूक कोणाची हे मला ठरवता येत नाही, म्हणून तूर्त त्याची धरते आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

गुरुंगांकडे गेले. त्यांनी वही उघडून दाखवली. कर्मचाऱ्याला भेट घेता येत नाही. कोणी देऊ केली तर तीन वेळा विचारून खात्री करायची, आणि तरीही देत असेल तर ती नाविक निधीच्या पेटीत जाते. बुधवारी दुपारच्या चहाला प्रवाशांमध्ये सोडत.

"मी तीन वेळा विचारलं, मॅडम. नियमच आहे तो. दर वेळी ते आधीपेक्षा जास्त आग्रह करत होते. असा माणूस मी पाहिला नाही."

मी त्यांना आमची रीत समजावली. त्यांनी चष्मा पुसत शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे मी 'तुम्हालाच शोभतं' म्हणायला हवं होतं."

"हो."

"हे नियमावलीत नाही."

वहीत खाडाखोड चालत नाही. देणारा स्वतः येऊन परत मागेल तरच त्यांना वरिष्ठांना विचारता येईल. मी मुहन्नाला गाठलं. तो परत मागायला तयार नाही. माझ्या आवाजाची पट्टी चढली, तरी नाही.

"माणसासमोर छातीवर हात ठेवून बोललोय मी. आता जाऊन म्हणू, गंमत केली? त्यापेक्षा मय्यासाला नवा घेऊन देतो, दुप्पट चांगला."

"परवाना क्रमांकावर आहे."

त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग पहिल्यांदाच म्हणाला, "तिचं शुक्रवारचं काम जाईल का?"

"जाईल."

तो उठून डेकवर गेला. मी त्याच्यामागे जायला हवं होतं.

९ फेब्रुवारी, सोमवार. दोहा

उतरलो नाही. मुहन्ना दिवसभर दिसला नाही. जेवताना सापडला तेव्हा खिशातून सोडतीच्या तिकिटांचा गठ्ठा डोकावत होता. शिवाय तो टेबलाटेबलावर फिरून ओळखी करतो आहे. ज्यांनी तिकीट घेतलं त्यांच्याकडून वचन घेतलं आहे की ड्रोन लागला तर याला द्यायचा. हॅम्बर्गच्या एका आजीबाईंनी तर त्याला मुलगा मानलं आहे.

"आता जहाजावरची निम्मी माणसं आपल्या बाजूची आहेत," तो म्हणाला.

"आणि उरलेली निम्मी?"

"त्यातल्या चौघांना मी माझी तिकिटं दिली. त्यांच्याकडे एकही नव्हतं गं."

मला हसू आवरेना. राग येत असताना हसू यावं हे मला आवडत नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार. समुद्रात

आज मय्यासाला फोन केला. तीन दिवस का केला नाही, याचं उत्तर शोधलं. मी स्वतःला सांगत होते की तिला उगाच काळजी नको. खरं असं की दोन वर्षांपूर्वी मी तिच्या यंत्राला खेळणं म्हटलं आणि आता ते माझ्याच ताब्यातून गेलं. हे तिला सांगायची लाज वाटत होती.

सगळं सांगितलं. मधे थांबले नाही. ती ओरडेल म्हणून फोन कानापासून जरा लांब धरला होता.

ती ओरडली नाही. म्हणाली, "भावोजी जेवतायत ना नीट?"

"मय्यासा, तुला कळतंय का मी काय सांगतेय?"

"कळतंय. ताई, एक सांग, जहाजाच्या फॉर्मवर मालक कोण लिहिलंयस?"

हे तिला कसं सुचलं कोण जाणे. फॉर्मबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं.

"स्वतः," मी म्हटलं.

"आणि वापर?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "हौस."

 मग ती म्हणाली, "बरं. दुसऱ्याची वस्तू भेट देता येत नाही, ताई. भावोजींनी दिली ती त्यांची नव्हतीच. पण कागदावर ती तुझी आहे. ते तुलाच निस्तरायला लागेल." आणि फोन ठेवला.

म्हणजे यातून सुटायची किल्ली इतके दिवस माझ्याच हातात होती. चार दिवस मी मुहन्नाला दोष देत फिरले.

११ फेब्रुवारी, बुधवार. समुद्रात

सकाळी नाश्त्याआधी गुरुंगांकडे गेले. सांगितलं, मी फॉर्मवर खोटं लिहिलं आहे.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "खोटी नोंद म्हणजे तुमचं नाव कंपनीच्या यादीत जातं, मॅडम. पुढच्या वेळी चढताना चौकशी होईल. ड्रोन तुमचाच म्हणून राहू दिला तर काही होणार नाही. दुपारी सोडत झाली की विषय संपला. मी तीन वेळा विचारतो."

त्यांनी खरंच तीन वेळा विचारलं. मी तिन्ही वेळा हो म्हटलं.

दुरुस्तीचा कागद दिला. मी लिहिलं, 'मालक: अन्य. वापर: व्यवसाय.' त्यांनी वाचलं आणि कागद परत माझ्याकडे सरकवला. "कारणाच्या रकान्यात जागा पुष्कळ आहे."

"यात सगळं आलं."

"मला नाही वाटत," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर पाहत बसले.

मी पुन्हा लिहायला बसले. मसुदे चार झाले. पाचवा दिला तो असा:

'ही वस्तू माझी नाही. माझी धाकटी बहीण मय्यासा हिची आहे. हे तिच्या कामाचं यंत्र आहे. ती आकाशातून चित्रण करते, त्यावर तिचं घर चालतं, आणि तिचं काम चांगलं असतं. मी 'हौस' लिहिलं ते चूक होतं आणि लिहिताना मला ते ठाऊक होतं. यापूर्वीही मी हे चुकीचं सांगितलेलं आहे.'

शेवटचं वाक्य फॉर्मच्या दृष्टीने अनावश्यक होतं. पण पूर्ण माहिती द्यावी असं मला वाटलं. गुरुंगांनी ते दोनदा वाचलं, दुसऱ्या वेळी मोठ्याने. मग शिक्का मारला. मालकाने बंदरावर येऊन याखाली सही करायची, तोवर कपाट नऊ.

दुपारी चहाला सोडत झाली. ड्रोन यादीतून काढल्याचं गुरुंगांनी ध्वनिक्षेपकावरून सांगितलं आणि सबंध सभागृह टाळ्या वाजवू लागलं. मुहन्नाने खरंच सगळ्यांना सामील केलं होतं. तो उभा राहून छातीवर हात ठेवून लोकांना नमस्कार करत होता. मी त्याचा कोट खाली ओढला.

त्याच्या तिकिटावर टॉवेलांचा संच लागला. त्याने तो हॅम्बर्गच्या आजीबाईंना दिला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार. मस्कत

नऊ वाजता धक्क्याला लागलो. मय्यासा बंदराच्या कचेरीत आधीपासून बसलेली होती. मालकीची पावती, परवाना, ओळखपत्र, सगळं एका फाइलमध्ये क्रमाने लावलेलं. एका दिवसात इतकी तयारी कशी केली म्हणून मी कौतुक केलं. मुहन्ना खिडकीपाशी जाऊन बोटी मोजू लागला.

गुरुंग पेटी आणि कागद घेऊन खाली आले. मय्यासाने सहीसाठी कागद घेतला आणि वाचायला लागली. पाच ओळींना लागावा त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ तिने घेतला. मला वाटलं अक्षर लागत नसेल.

"वाचून दाखवू का?" मी विचारलं.

"नको. लागतंय." मग गुरुंगांना म्हणाली, "याची प्रत मिळेल?"

"कशासाठी?"

"आईच्या घरी भिंतीवर लावीन म्हणते. पुढच्या ईदेला सगळे बसतात तिथे."

मी म्हटलं, "मय्यासा, हा जहाज कंपनीच्या कामाचा कागद आहे."

"म्हणून तर चौकटीत घालते, ताई."

गुरुंगांनी नियमावली काढून पान शोधलं. मालकाने मागितल्यास प्रत देता येते. त्यांनी ती काढून दिली आणि तिने ती फाइलमध्ये न ठेवता घडी करून पर्समध्ये ठेवली.

निघताना तिने मला उद्याचा परवाना दाखवला. ड्रोन उडवताना चालकाची नजर पडद्यावर असते, म्हणून शेजारी एक निरीक्षक लागतो, जो सतत आकाशात ड्रोनवर डोळा ठेवतो आणि पक्षी, विजेच्या तारा, दुसरं काही जवळ आलं की सांगतो. नियम आहे तसा.

"नियम पाळणारं माणूस मिळत नाही गं," ती म्हणाली. "पहाटे पाचला घ्यायला येते. डोक्याला काहीतरी बांध, ऊन असतं."

निरीक्षकाच्या रकान्यात माझं पूर्ण नाव छापलेलं होतं, आजोबांच्या नावासकट. खाली परवाना दिल्याची तारीख तीन फेब्रुवारी. म्हणजे आम्ही जहाजावर चढण्याच्याही आधीची. मी तिला दाखवलं की तारखेत चूक झालेली दिसते.

"हो ताई," ती म्हणाली. "झाली असेल."

दुरुस्त करून घ्यायला हवी.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. सूर

मान दुखते आहे. एकवीस होड्या होत्या म्हणे, आणि शेवटच्या वळणावर दोन एकमेकींना घासून गेल्या. मुहन्नाने मला सगळी शर्यत सांगितली, हातवारे करून, दोनदा. मी एकही होडी पाहिली नाही. मी वर बघत होते.